वंशवाद शिकवणाऱ्या प्राध्यापकांना अनावृत पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत तत्त्वज्ञान व समाजशास्त्र शिकवणारे सर्व प्राध्यापक यांस,

विषय : वंशवादाचा अभ्यास परदेशातच आटोपण्याबाबत तक्रार आणि काही विनंत्या.

सर आणि मॅडम,

पत्रास कारण की, मी देवळाली प्रवऱ्यात खता-बियाण्यांचं दुकान चालवतो. तत्त्वज्ञानात एम. ए. केलं ते बाहेरून, दुकान सांभाळत. पदवी भिंतीवर आहे आणि तिचा खपावर काही परिणाम झालेला नाही. पण वाचायची खोड लागली ती सुटली नाही, आणि त्या खोडीपायी जिल्ह्यात कुठं चर्चासत्र असलं की मी शेवटच्या रांगेत जाऊन बसतो.

अशाच एका चर्चासत्राचा विषय होता ‘वंशवाद : संकल्पना आणि उगम’. सकाळच्या सत्रात अमेरिका झाली, जेवणाआधी दक्षिण आफ्रिका झाली, जेवणानंतर हिटलर. शेवटी प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थिनीनं उभं राहून विचारलं, “सर, आमच्या गावात चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा पारध्यांच्या पालावर जातात. शाळेत त्यांच्या पोरांजवळ कुणी दप्तर ठेवत नाही. हा वंशवाद म्हणायचा का?” अध्यक्ष हसून म्हणाले, “जात म्हणजे वंश नव्हे, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. तुझा प्रश्न जातीच्या पेपरातला आहे.” मुलगी खाली बसली, आभारप्रदर्शन झालं. अध्यक्ष कोण, महाविद्यालय कोणतं, याला महत्त्व नाही. हेच उत्तर मी तुमच्यापैकी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि गाइडांतूनही वाचलं आहे, म्हणून पत्र सगळ्यांना लिहितो आहे.

त्या उत्तराचा पूर्वार्ध मला मान्य आहे. जात म्हणजे वंश नव्हे हे सिद्ध करायला माणसांनी आयुष्याची वर्षं घातली आहेत. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ली नाकाची रुंदी मोजून माणसाची सामाजिक पायरी सांगायला निघाला होता. नाक जितकं बसकं तितकी जात खालची, असा त्याचा हिशेब. मालवणच्या गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात ती मोजमापं पुन्हा तपासली आणि उत्तरेतला एक टापू सोडला तर हिशेब जुळत नाही असं दाखवलं. १९३६ मध्ये आंबेडकर म्हणत होते की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया एकाच वंशाचे. पुढं १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना त्यांनी घुर्यांचेच तक्ते समोर ठेवून वंशाचा सिद्धांत मोडीत काढला. २००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत जातीचा विषय यावा की नाही यावर रण पेटलं, तेव्हा समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेते यांनी वर्तमानपत्रात लिहून जातीला वंश म्हणणं शास्त्राच्या दृष्टीनं निरर्थक ठरवलं. जीवशास्त्रापुरतं ते बरोबरच होते.

पण सर, जीवशास्त्राच्या कसोटीवर अमेरिकेतला काळा आणि गोरा यांच्यामध्येही ठाम रेघ सापडत नाही. तुम्हीच वर्गात सांगता की वंश ही माणसांनी घडवलेली कल्पना आहे. तरीही अमेरिकेत वंशवाद आहे हे तुम्ही बेलाशक शिकवता, आणि ते योग्यच आहे. तिथं वंश नसताना वंशवाद असू शकतो, मग पारध्याच्या पोराकडूनच वंशाचा दाखला का मागता? तहसीलदारसुद्धा इतका काटेकोर नसतो.

माझी मूळ तक्रार इथं आहे. वंशवाद म्हणजे काय या प्रश्नाला तुम्ही ‘वंश आहे की नाही’ या प्रश्नाच्या दावणीला बांधून टाकलं आहे. पहिल्या प्रश्नावर तुमच्याच शाखेत केवढा वाद चालला आहे. होर्हे गार्सिया नावाचे तत्त्वज्ञ १९९६ च्या आपल्या निबंधात म्हणाले की वंशवादाचं घर माणसाच्या अंतःकरणात आहे; एखाद्या गटाविषयी मनात दुष्टावा किंवा बेपर्वाई असली की झाला वंशवाद, बाकी सगळं त्यातून निघतं. टॉमी शेल्बी यांच्यासारखे म्हणतात, तसं नाही, ती एक विचारप्रणाली आहे, खोट्या समजुतींची अशी वीण की जिच्यामुळं जुलूम रास्त वाटतो. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९६७ मध्ये, स्टोकली कार्मायकल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी संस्थात्मक वंशवादाची कल्पना मांडली. त्यांचं म्हणणं असं की बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँब ठेवून लहान मुली मारणारा वंशवादी सगळ्यांना दिसतो. त्याच शहरात अन्न, निवारा आणि औषधपाण्यावाचून दरवर्षी काळी मुलं मरतात तेव्हा कुणाचाच हात दिसत नाही.

हा वाद परीक्षेत दहा गुणांना येतो. एकदा त्याला आमच्या नगर जिल्ह्याच्या मातीत उतरवून बघा. २०१४ च्या एप्रिलमध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एका १७ वर्षांच्या दलित मुलाला मारून टाकलं गेलं. दिवसाढवळ्या, गावात. २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयात सगळे आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार उलटले. मारणाऱ्याच्या मनात काय होतं ते गार्सिया सांगतील. उलटलेल्या साक्षीदारांच्या मनात काय होतं? मला नाही वाटत की त्या सगळ्यांना त्या मुलाचा द्वेष होता. काहींना त्याची कणवही आली असेल. पण त्यांना त्याच गावात राहायचं होतं. तिथंच दुकान, तिथंच पोरांची शाळा, तिथंच उधारी. काळीज शाबूत असलेली माणसं साक्ष फिरवतात तेव्हा अंतःकरणाची व्याख्या तोकडी पडते. गार्सियांना फेकून द्या असं मी म्हणत नाही. मारणारे हात होते आणि त्या हातांमागं मन होतं. ‘सगळी व्यवस्थाच तशी’ म्हणून त्या मनाला सोडून द्यायची पळवाट मलाही नको. पण हा ताण वर्गात मांडायला खर्ड्याइतकं जवळचं आणि खर्ड्याइतकं अवघड उदाहरण कुठलं? नगरहून एसटीनं दुपारपर्यंत पोहोचाल.

आता उगमाकडं येतो. त्याबाबत सांगायला माझ्याकडं दुकानाच्या दारातूनच दिसणारी एक गोष्ट आहे.

आमचा भाग प्रवरेच्या कालव्यावरचा. भंडारदऱ्याचं धरण इंग्रजांनी १९२६ मध्ये पुरं केलं, त्याआधी या बाजूलाही दुष्काळाचीच गाणी होती. कालवे आले, ऊस आला, पुढं साखर कारखाने आले. पाणी उतारानं जातं. ते राहुरी, श्रीरामपूर, राहात्याकडं आलं. पाथर्डीच्या डोंगरावर किंवा बीडच्या आष्टी, पाटोदा, शिरूरवर ते चढणार नव्हतं आणि चढलंही नाही. त्यामुळं दसऱ्यानंतर तिकडून माणसं इकडं येतात, ऊस तोडायला. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती फेडायला येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणूस मोजायचा तो कोयत्यानं, आणि दोघं मिळून एक. एक दिवस आजारपणात गेला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बायकांच्या मासिक पाळीचाही खाडाच होतो. बीडकडच्या बायकांची गर्भाशयं एवढ्या मोठ्या संख्येनं का काढली गेली याची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

उसाच्या कडेला कोप्या पडतात. पहाटे तीनला गाडी भरायला उठायचं, पाचटात दव असतं, पानांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. लहान पोर दोन काठ्यांना बांधलेल्या झोळीत. हे सगळं बांधावरून बघणारा बागायतदार माझ्या दुकानात येतो, युरियाची गोणी घेतो आणि सहज बोलून जातो, “त्यांना काय थंडी वाजत नाही. त्यांची कातडीच तसली. आपल्या बायामाणसांना एक दिवस निघणार नाही ते.” दुसरा म्हणतो, “त्या लोकांचं रक्तच काटक असतं.”

ज्या टोळीबद्दल हे बोलणं चाललं होतं तिच्यात वंजारी होते, बंजारा होते, बौद्ध होते, आणि काही कोयते मराठ्यांचेही होते. एका कोयत्याचं आडनाव तर बोलणाऱ्याचंच निघालं. कुळी जुळली असती तर भावकीसुद्धा निघाली असती. तरीही त्याच्या नजरेत ती अख्खी टोळी एकाच रक्ताची, एकाच कातडीची झाली होती. जात वेगवेगळी, धर्मही एक नाही, गाव वेगळं. सारखं होतं ते फक्त काम, आणि ते काम करायला लावणारी उचल. चार महिने कोपीत राहिल्यावर थंडी सोसायची सवय कुणालाही होते. ती सवय बघून आमचा माणूस म्हणतो की यांचा पिंडच असा. कालव्याचा उतार शंभर वर्षांपूर्वी उलट्या बाजूला असता तर आम्ही कोयते घेऊन आष्टीला गेलो असतो आणि तिथल्या एखाद्या दुकानात कुणीतरी आमच्या कातडीचे गुण गायले असते.

त्रिनिदादचे इतिहासकार एरिक विल्यम्स यांनी १९४४ मध्ये ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ या ग्रंथात हेच म्हटलं, तेही उसाबद्दलच. काळ्यांबद्दलच्या तिरस्कारातून गुलामगिरी आली नाही. गुलामगिरी आली उसाच्या आणि तंबाखूच्या मळ्यांना स्वस्त हात हवे होते म्हणून, आणि ती टिकवायला काळ्यांच्या कमीपणाची कहाणी मागाहून रचली गेली. उष्ण हवेत गोरा माणूस काम करू शकत नाही, काळ्याला ते सोसतं, हा दावासुद्धा त्या कहाणीचाच भाग होता, असं त्यांनी दाखवलं. कॅरिबियन बेटांवरचा मळेवाला आणि युरिया घेणारा माझा गिऱ्हाईक यांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नाही. वाक्य मात्र एकच.

ऊसतोडीला सरसकट वंशवाद म्हणा असा माझा हट्ट नाही. कोयतेवाला गुलाम नाही. हंगाम संपून पट्टा पडला की तो गावी जातो, तिथं त्याची दोन एकर कोरडवाहू असते, मतदान असतं, पोरगा पोलीस भरतीची तयारी करत असतो. त्याच्यावरचा शिक्का हंगामापुरता आहे, निदान अजून तरी. म्हणूनच तो अभ्यासाला सोयीचा आहे. कच्ची वीट भट्टीत जाण्याआधी कशी दिसते ते इथं बघायला मिळतं. माझी विनंती आहे की तुमच्या एम. ए.च्या वर्गाची एक सहल डिसेंबरात या बाजूला काढा. वेरूळला लोक जातातच.

भट्टीतून निघालेली वीट बघायची असेल तर त्या मुलीच्या प्रश्नाकडं वळावं लागेल.

१८७१ मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो आधी उत्तरेत लागू झाला, १९११ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यातही आला, १९२४ मध्ये आणखी आवळला गेला. या कायद्यात कुणाचं नाक मोजलं नव्हतं की कातडीचा रंग विचारला नव्हता. एखादी अख्खी जमात राजपत्रात जाहीर करायची, तिची नोंदवही करायची, बोटांचे ठसे घ्यायचे, पोलिसपाटलाकडं नाहीतर ठाण्यावर हजेरी लावायची, गाव सोडायला पास लावायचा. काहींना तारेच्या कुंपणात ठेवलं; सोलापुरात त्या भागाचं नाव आजही सेटलमेंट आहे. जन्मलेलं पोर काही चोरण्याआधीच चोर ठरत होतं.

आणि कायद्यामागचा युक्तिवाद तुम्ही सगळ्यांनी बारकाईनं वाचावा अशी माझी विनंती आहे. हिंदुस्थानात धंदा जातीनं ठरतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, त्याच न्यायानं चोरी हा ज्यांचा पिढीजात धंदा त्यांची मुलं चोरच होणार, असं तो सांगतो. म्हणजे गोऱ्या राज्यकर्त्यानं जातीचं तर्कशास्त्र आपल्याकडून उसनं घेतलं, त्याला स्वतःकडची आनुवंशिकतेची भाषा जोडली, आणि त्यावर सरकारी शिक्का मारून परत आपल्यालाच दिलं. आपण ते ठेवून घेतलं. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि त्यांची नजर बहुतेक वेळा त्याच पालांवर राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांत तर जातीवरून काम वाटून देणारी आणि ‘गुन्हेगार जमाती’, ‘भटक्या जमाती’ असे उल्लेख असलेली कलमं राहिली ती थेट ३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देऊन ती घटनाबाह्य ठरवली.

आता सांगा, हा विषय कुठल्या पेपरात बसवणार? जातीच्या पेपरात तो मावत नाही, कारण इथं शुद्धी-विटाळापेक्षा ठाण्याची नोंदवही मोठी आहे. वंशाच्या पेपरात तुम्ही घेत नाही, कारण कवटी जुळत नाही. दोन पेपरांमध्ये जी फट राहते तिच्यात नेमकं ते पाल आहे. लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ मध्ये साहित्य अकादमी मिळाली. मराठी विभागानं ती दोन्ही पुस्तकं आत्मकथन म्हणून नेली. तत्त्वज्ञान विभागात ती कधी आली का? जन्मानं गुन्हेगार म्हणजे काय, यावर त्याहून चांगला पुरावा माझ्या वाचनात नाही.

डर्बनची ती परिषद योगायोगानं ३१ ऑगस्टलाच सुरू झाली होती. आपलं सरकार तिथं अडून बसलं की जात हा आमचा अंतर्गत मामला, वंशाशी त्याचा संबंध नाही. वास्तविक वांशिक भेदभावाविरुद्धच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश आणि रंगाबरोबर ‘जन्मघराणं’ हाही आधार घातला गेला तो भारताच्याच सूचनेवरून. २००२ मध्ये त्या कराराच्या समितीनं स्पष्ट केलं की त्यात जात येते. विद्यार्थ्यांना निदान एवढं तरी सांगा, मग तुमचं मत काय असेल ते असो. प्रश्न निकालात निघालेला नाही.

थोडं मागं जाऊन नगरच्याच एका माणसाकडं बघू. मलिक अंबर. हबशी, गुलामांच्या बाजारात विकला गेलेला, हात बदलत निजामशाहीत आला आणि शेवटी तिचा कारभारी झाला. जमीनमहसुलाची घडी बसवली, १६१० मध्ये खडकी वसवली, १६२४ मध्ये नगरजवळच भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांना एकदमच धूळ चारली. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूनं होते. जहांगीर बादशहा आत्मचरित्रात त्याचा उल्लेख काळतोंड्या असा करतो, आणि त्याच्या शिरावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्रही त्यानं काढून घेतलं. म्हणजे रंगावरून शिवी तेव्हाही होती. पण त्या शिवीला हात-पाय नव्हते. काळा जन्मला म्हणून वजीर होता येणार नाही, असा कायदा, अशी नोंदवही, अशी मळ्याची गरज दख्खनेत नव्हती. शिवी आणि वंशवाद यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण दक्षिण आफ्रिकेत जाऊनही मिळणार नाही. खुलताबादला त्याची कबर आहे. तिथं सहल जाते की नाही कोण जाणे.

आता तुमच्याच घरातल्या माणसांबद्दल. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर, पुढं नाझींच्या वंशशुद्धीला ज्यांच्या संशोधनानं शास्त्राचा मुलामा दिला ते. फिशरना वाटत होतं की गोऱ्या माणसाची कवटी दोन बाजूंना सारखी नसते आणि त्यातच त्याच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व आहे. मुलीला १४९ कवट्या मोजायला दिल्या. तिनं मोजल्या आणि लिहिलं की वंशाचा आणि या असमानतेचा काही संबंध दिसत नाही. पंचविशीतली मराठी बाई, परका देश, गुरू सर्वशक्तिमान. हा प्रसंग समाजशास्त्राच्या पहिल्याच तासाला सांगायला हवा. पण मी त्यांची आरतीही ओवाळायला सांगत नाही. परत आल्यावर डेक्कन कॉलेजात बाईंनी मोजमापाचा कंपास खाली ठेवला नाही. महाराष्ट्रातल्या जातींची डोकी आणि नाकं त्या वर्षानुवर्षं मोजत राहिल्या. १९५१ मध्ये वि. म. दांडेकरांबरोबर त्याचे तक्ते छापले. एका हातानं जो सिद्धांत पाडला त्याचं अवजार दुसऱ्या हातात का राहिलं? या प्रश्नावर एखादा पीएच.डी.चा प्रबंध व्हायला काय हरकत आहे?

आणि फुले. आमच्या तालुक्यात त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे, तिथून निघालेल्या वाणांना त्यांचं नाव असतं. ‘फुले २६५’चं बेणं कुठं मिळेल म्हणून माझ्याकडं दिवसातून दहादा विचारणा होते. ‘गुलामगिरी’ कुठं मिळेल असं अजून कुणी विचारलेलं नाही. १८७३ मध्ये ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. काळा गुलाम आणि शूद्र-अतिशूद्र यांना एका ओळीत बसवणारा हा माणूस तुमच्या संस्थात्मक वंशवादाच्या चर्चेच्या ९४ वर्षं आधीचा. पण त्याच पुस्तकात ते आर्य बाहेरून आले, इराणातून आले, आणि त्यांनी इथल्यांना जिंकून दास केलं, ही साहेबाच्या शास्त्राची गोष्ट उलटी करून वापरतात. तीच आर्यांची गोष्ट सुलटी घेऊन टिळक १९०३ मध्ये उत्तर ध्रुवापर्यंत गेले. आणि आंबेडकर १९४६ मध्ये शूद्रांवरच्या पुस्तकात ती गोष्टच नाकारतात; त्याच वर्षी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून दोघांच्या लोकांची स्थिती किती सारखी आहे ते सांगतात. वंशाचा सिद्धांत नाकारायचा आणि तरीही काळ्यांशी नातं सांगायचं, या दोन गोष्टी त्यांना एकमेकींच्या आड येत नव्हत्या. तुम्हाला का येतात?

फुल्यांनी वंशाची गोष्ट घेतली ती चूक होती की तेव्हाच्या लढाईत तेच हत्यार हाताशी होतं, यावर मी वर्षानुवर्षं स्वतःशी भांडतो आहे. माझा कल असा की त्यांना वंश सिद्ध करायचा नव्हताच. गुलामगिरी देवानं दिलेली नसून एका विशिष्ट वेळी माणसांनी लादलेली आहे, हे दाखवायला त्यांना एक तारीख हवी होती. पण वंशाची गोष्ट एकदा घरात घेतली की ती तिची स्वतःची पिल्लं घालते, हेही दिसतंच. यावर तुमच्याकडून ऐकायला मला आवडेल. जयंतीची भाषणं नकोत.

बाकीच्या विनंत्या थोडक्यात. तुमचे बरे निबंध इंग्रजी नियतकालिकांत जातात आणि मराठीत फक्त गाइड उरतं, हे थांबवा. कोयता, उचल, खाडा, पाल, हजेरी या शब्दांनी तुमचा सिद्धांत बिघडत नाही. अभ्यासक्रम समितीवर जे असतील त्यांनी जातीच्या आणि वंशाच्या पेपरांत निदान एक प्रकरण सामाईक ठेवावं, १८७१ च्या कायद्यावर. परीक्षेत ‘वंशवाद म्हणजे काय ते सांगून त्याची कारणे लिहा’ हा प्रश्न बंद करा. तो वाचून कुठल्याही मुलाला वाटतं की वंशवाद हा काहीतरी पीतज्वर आहे, तिकडच्या देशात होणारा. आणि चर्चासत्रात मागच्या रांगेतून प्रश्न आला तर तो कुठल्या पेपरातला आहे हे सांगण्याआधी, त्या गावात चोरी झाल्यावर पुढं काय झालं ते विचारत जा.

माझ्या लिहिण्यात तुम्हाला गफलती सापडतील. विल्यम्स यांच्यावर पुढच्या इतिहासकारांनी घेतलेले आक्षेप मी वाचले आहेत; तिरस्कार आधी की मळा आधी, हे त्यांनी वाटतं तितकं सरळ ठेवलेलं नाही. त्यावर वाद घालायला मी तयार आहे. नगर-मनमाड रस्त्यावर राहुरी फॅक्टरीला उतरलात की देवळाली जवळच आहे, खता-बियाण्यांचं दुकान कुणीही दाखवेल. हंगामात दुपारी एक ते तीन गर्दी कमी असते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक बहिःस्थ विद्यार्थी
देवळाली प्रवरा, ता. राहुरी, जि. अहिल्यानगर

ता. क. इरावतीबाईंचा बर्लिनचा प्रबंध मूळ जर्मनमध्ये आहे. तुमच्यापैकी कुणी तो मराठीत आणायचं मनावर घेणार असेल तर कृपया कळवावं. दहा प्रतींचे पैसे मी आगाऊ पाठवतो. पाच मला आणि पाच त्या मुलीच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला.